खरा बायकर कोण? पुण्यातील दुचाकीस्वार आणि त्यांच्यावर मारले जाणारे शिक्के

घाटमार्ग (धागाकर्ता)

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या माणसाची पारख त्याच्या हाताखालच्या गाडीवरून करण्याची सवय अलीकडे फार बोकाळली आहे. बुलेटवर बसलेला तो कोणा पुढाऱ्याचा कार्यकर्ता, ड्यूकवर बसलेला तो छपरी, स्प्लेंडरवरचा तो बिचारा नोकरदार, पाठीला चौकोनी पिशवी लावून जाणारा तो डिलिव्हरीवाला, आणि रविवारी पहाटे जॅकेट घालून पंधरा-वीस लाखांच्या गाडीवर लोणावळ्याला नाश्ता करायला जाणारा मात्र 'बायकर'. माझे म्हणणे असे आहे की हे सगळे शिक्के माणसाच्या खिशावरून आणि वस्तीवरून मारलेले आहेत, गाडी चालवण्याशी त्यांचा जवळपास काहीच संबंध नाही, आणि म्हणून ते मुळापासून तपासून पाहिले पाहिजेत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. केटीएमची ड्यूक चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते आणि ट्रायम्फची स्पीड ४०० ही गाडीही २०२३ पासून बजाज चाकणलाच तयार करते. दोन्ही गाड्या एका सिलिंडरच्या, दोन्ही चपळ, दोन्ही शिकाऊ हातात धोकादायक. तरीही एकीवरचा मुलगा दिसला की लोक तोंड वाकडे करतात आणि दुसरीवरचा दिसला की आदराने बाजूला होतात. सिग्नल सुटल्याबरोबर पुढचे चाक उचलणारा मुलगा जुन्या आरएक्स १०० वर असेल तर तो टपोरी ठरतो आणि तोच प्रकार आयात केलेल्या गाडीवर झाला तर त्याला कौशल्य म्हणतात. रस्त्यावरून चालणाऱ्या आजीबाईंना दोन्हींपासून सारखाच धोका आहे, हे कोणी विचारात घेत नाही.

शिक्के मारण्याची ही रीत आपण शोधून काढलेली नाही. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या छोट्या गावात मोटारसायकलींचा मेळावा भरला होता, तिथे अपेक्षेपेक्षा फार जास्त माणसे आली आणि दारू पिऊन काहींनी दंगा केला. 'लाइफ' मासिकात बिअरच्या बाटल्यांच्या पसाऱ्यात हार्लेवर रेललेल्या एका माणसाचे छायाचित्र छापून आले आणि त्या एका छायाचित्राने अमेरिकेत मोटारसायकलवाल्याची प्रतिमा पुढची अनेक वर्षे ठरवून टाकली. त्यानंतर अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने 'नव्व्याण्णव टक्के चालक कायदा पाळणारे आहेत' असे म्हटल्याचे सांगितले जाते. असे निवेदन काढल्याची कोणतीही नोंद आपल्याकडे नाही, असे त्या संस्थेने पुढे स्पष्ट केले आहे, पण तोवर उरलेला एक टक्का म्हणजे आपणच, असे मानणाऱ्या टोळ्यांनी '१%' चे बिल्ले जॅकेटवर शिवून घेतलेही होते. इंग्लंडमध्ये १९६४ साली स्कूटरवाले मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्या समुद्रकिनाऱ्यांवरील हाणामाऱ्यांना वर्तमानपत्रांनी असेच भडक रूप दिले. म्हणजे शिक्का बाहेरच्यांनी मारला, आणि ज्यांच्यावर मारला त्यांच्यातील काहींनी तो अभिमानाने मिरवला. पुण्यात आज नेमके हेच चालले आहे.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. होंडाने १९५८ साली सुपर कब ही लहानशी गाडी काढली आणि अमेरिकेत तिची जाहिरात करताना 'होंडावर तुम्हाला भली माणसे भेटतात' असा सूर लावला. गृहिणी, विद्यार्थी, दुकानदार असे सगळे त्या जाहिरातीत होते. २०१७ पर्यंत या मालिकेतील १० कोटी गाड्या तयार झाल्या. जगात सर्वाधिक माणसांना दोन चाकांवर आणणारी ही गाडी, पण तिच्यावर बसणाऱ्याला 'बायकर' म्हणायला आजही कोणी तयार होत नाही.

पुण्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. हे शहर सायकलींचे होते आणि सायकलीवरून ते थेट स्वयंचलित दुचाकीवर आले. बजाज चेतक आणि किनेटिकची लूना या दोन्ही गाड्या १९७२ साली आल्या. चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली, आणि त्या एका गाडीवर पुढे मुलगा उभा, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर धाकटी मुलगी अशी कुटुंबेच्या कुटुंबे पर्वतीपासून चिंचवडपर्यंत फिरली. तीन-चार माणसे एका गाडीवर नेणे चुकीचेच होते, पण सांगायचा मुद्दा हा की या शहरात दुचाकी हा छंद होण्याच्या फार आधीपासून ती घरातली एक व्यक्ती होती. अशा शहरात 'बायकर' हे बिरूद मूठभरांनी स्वतःकडे राखून ठेवावे, हे मला पटत नाही.

आता मी ज्याला खरा बायकर म्हणेन, त्या माणसाविषयी. मुळशी आणि मावळातून पहाटे शहरात दूध घेऊन येणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जुनी एम-८० किंवा साधी शंभर सीसीची गाडी आणि दोन्ही बाजूंना अडकवलेले कॅन. हे कॅन तोंडापर्यंत भरलेले असतात तोवर गाडी सरळ चालते. निम्मा रतीब घालून झाला की दूध आत हेलकावे खाऊ लागते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, दूध मात्र पुढे येतच राहते आणि क्षणभराने मागून धक्का देते. वळणावर गाडी एकीकडे कलते तेव्हा दूध उशिरा कलते. जाणकार गवळी म्हणून ब्रेकवर विसंबत नाही. तो उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकतो, वळणाच्या आधी वेग उतरवून घेतो, वळणात एक्सलरेटर स्थिर ठेवतो आणि थांबताना शेवटच्या चार हातांत ब्रेक हलकेच सोडतो, म्हणजे दुधाचा धक्का बसत नाही. हीच शिस्त शिकवण्यासाठी आज पैसे घेऊन प्रशिक्षणवर्ग चालवले जातात. पावसात, धुक्यात, अंधारात वर्षानुवर्षे न पडता हे काम करणाऱ्या माणसाचा हात ज्या दर्जाचा असतो, तो दर्जा आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

माझी कसोटी म्हणून साधी आहे. गाडीवर ताबा, स्वतःवर ताबा, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होणार नाही याची काळजी. या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो बायकर, मग तो लूनावर असो वा महागड्या गोल्डविंगवर. ज्याच्याकडे त्या नाहीत त्याला गाडीची किंमत ते बिरूद देऊ शकत नाही. आपली मते सविस्तर लिहावीत.

क्लचकेबल

धाग्याचा विषय मनापासून आवडला. माझे छोटे गॅरेज आहे, सुट्या भागांसाठी नाना पेठेत रोजचे जाणे-येणे असते, आणि गाडी उघडली की ती चालवणाऱ्याची ओळख आपोआप पटते, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी गोष्ट म्हणजे मागचे ब्रेक शू पार झिजून लोखंड लागलेले आणि पुढचे जवळजवळ नवे. याचा अर्थ माणूस पुढचा ब्रेक वापरतच नाही. लहानपणी कोणीतरी 'पुढचा ब्रेक दाबलास तर उलटशील' असे सांगितलेले असते आणि ते जन्मभर डोक्यात बसते. प्रत्यक्षात ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे पुढचे चाक रस्ता घट्ट धरते आणि मागचे हलके होते. गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो, दाब वाढवत न्यायचा असतो, एवढेच शिकण्यासारखे आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले हे चांगलेच झाले, पण एबीएस चाक अडकू देत नाही, ते उशिरा दाबलेला ब्रेक लवकर करून देत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते, म्हणजे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांविषयी दोन शब्द लिहितो, कारण त्यांना सर्वांत जास्त शिव्या पडतात. त्यांच्या गाड्यांची चेन बहुतेक वेळा स्वच्छ आणि बरोबर ताणलेली असते, कारण चेन तुटली तर त्या दिवसाची कमाई बुडते. साध्या गाड्यांना चेनचा झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो, आणि तो बोटाने तपासणारी मुले मी त्यांच्यातच जास्त पाहिली आहेत. टायर मात्र गुळगुळीत होईपर्यंत वापरतात. ते अज्ञानापायी होत नाही, नव्या टायरचे पैसे त्या महिन्यात नसतात म्हणून होते. उलट्या दिशेने येणे, फुटपाथवर गाडी घालणे या गोष्टींचे मी समर्थन करत नाही, परंतु मिनिटांच्या हिशेबावर ज्याचे पोट आहे त्याला दोष देताना तो हिशेब कोणी ठरवला हेही पाहावे.

महागड्या गाड्यांचे दुखणे वेगळेच असते. महिनोन्महिने उभ्या राहिल्याने बॅटरी उतरलेली, ब्रेक ऑइल कधीच न बदललेले आणि टायरची नक्षी नवी कोरी पण रबर कडक झालेले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. बरेच मालक ते कधीच वाचत नाहीत आणि कडक झालेल्या रबरावर पावसात ताम्हिणी घाटात उतरतात.

पहाटराइड

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, तरीही एका मूलभूत मुद्द्यावर मी असहमत आहे. दूधवाला उत्तम चालक असतो हे मान्य. पण उत्तम चालक असणे आणि बायकर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या गवळ्याला उद्या कोणी छोटा टेम्पो दिला तर तो आनंदाने गाडी सोडेल, आणि त्यात त्याचे काहीच चुकणार नाही. मला कोणी गाडीच्या बदल्यात आरामशीर मोटार दिली तर मी ती घेणार नाही. मुंबईला जायला द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या महामार्गाने खंडाळा उतरायला वेळ जास्त लागतो, पाऊस अंगावर घ्यावा लागतो, आणि तरीही आम्ही दुचाकीनेच जातो. कामासाठी स्वार होणारा आणि स्वारीसाठी काम काढणारा यांच्यातील हा फरक नाकारला तर शब्दाला अर्थच उरणार नाही. काम करता करता गाणे गुणगुणणाऱ्याला आणि रियाज करणाऱ्याला आपण एकाच नावाने हाक मारत नाही.

दुसरे असे की रायडिंग गटांविषयी धाग्यात जी नाराजी डोकावते आहे ती अपुऱ्या माहितीवर आधारलेली आहे. जबाबदार गटात राइड सुरू होण्याआधी सर्वांची गाडी, टायर, दिवे आणि हेल्मेट तपासले जाते. पुढे रस्ता माहीत असलेला अनुभवी चालक असतो, सर्वांत शेवटी दुसरा अनुभवी चालक प्रथमोपचाराची पेटी आणि पंक्चरचे सामान घेऊन असतो, आणि नवशिक्यांना पुढच्या चालकाच्या लगेच मागे ठेवले जाते, म्हणजे त्यांना मागे पडण्याची भीती वाटून ते वेग वाढवत नाहीत. सरळ रस्त्यावर नागमोडी रांग असते आणि घाटात एकामागून एक, कारण वळणावर प्रत्येकाला पूर्ण लेन लागते. ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतः पाहून करायचा असतो, पुढचा गेला म्हणून मागच्याने जायचे नसते. ही शिस्त मला गटानेच शिकवली, एकट्याने फिरून ती आली नसती.

आणि लांब पल्ल्याची राइड करणाऱ्यांना दिखाऊ म्हणणेही योग्य नाही. चोवीस तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर, पूर्ण केल्याचे आयर्न बट असोसिएशनचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी केवळ गाडी दामटून चालत नाही. पेट्रोल कुठे भरायचे, पाणी किती प्यायचे, झोपेची पहिली चाहूल लागताच कुठे थांबायचे, याचे काटेकोर नियोजन करावे लागते. मात्र झोप अनावर होत असताना प्रमाणपत्रासाठी पुढे जाणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी बायकर मानत नाही.

डबलसीट

या चर्चेत आतापर्यंत एकाही प्रतिसादात मागे बसणाऱ्या माणसाचा विचार आलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी गाडी चालवतेही आणि अनेकदा मागेही बसते. चालवणारा कसा आहे हे मागे बसणाऱ्याला दहा मिनिटांत कळते. गिअर बदलताना तुमचे हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटत असेल, खड्डा दिसूनही तो तुम्हाला न सांगता त्यातून जात असेल, तुम्ही 'हळू' म्हटल्यावर त्याला अपमान वाटत असेल, तर त्याने लडाखच्या कितीही वाऱ्या केलेल्या असोत, त्याला गाडी चालवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात मुले हा गार्ड काढून टाकतात, कारण तो शोभत नाही. मग आई साडीत किंवा बहीण ओढणीत मागे बसते, पदराचे टोक वाऱ्याने खाली जाते आणि चाकाच्या आऱ्यांत अडकते. ओढणी गळ्याभोवती असेल तर पुढे काय होते ते लिहिण्याची गरज नाही. गाडीवर घरातील बाईमाणूस बसणार आहे, हा विचार ज्याच्या मनातच येत नाही, त्याच्या आवडीचे मला कौतुक वाटत नाही.

स्त्रियांवरील शिक्क्यांविषयी. पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर जाणारी मुलगी हा वर्षानुवर्षे चेष्टेचा विषय झालेला आहे. ती मुलगी शिकायला, नोकरीला, क्लासला स्वतःच्या बळावर जाते, कोणाच्या 'सोडतोस का' वर अवलंबून राहत नाही, हे या शहराचे एक मोठे वैशिष्ट्य आहे आणि त्याचे श्रेय त्या गिअर नसलेल्या स्कूटरला आहे. स्कार्फ हेल्मेटची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र मुलींनीही समजून घ्यायला हवे. आणि मुलगी मोठ्या मोटारसायकलवर बसली की वेगळाच त्रास सुरू होतो. सिग्नलला कोणीतरी शेजारी गाडी आणून रेस करून दाखवतो, पेट्रोल पंपावर 'मॅडम, पाय पोचतात का' असे विचारले जाते. २०११ मध्ये सुरू झालेल्या बाईकर्नी या महिला मोटारसायकलस्वारांच्या संघाची मुळे पुण्यातच आहेत, म्हणजे या शहरातील बायकांनी उत्तर केव्हाच देऊन ठेवलेले आहे. तरीही 'बायकर' म्हटले की दाढीवाला पुरुषच डोळ्यांसमोर येतो. मला 'लेडी बायकर' म्हणवून घ्यायचे नाही. वेगळी रांग नको आहे.

वरंधाकाठ

मी भोर तालुक्यातील आहे. आमचे घर भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, नीरा देवघरच्या पाण्याच्या अलीकडे आहे, त्यामुळे पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे गट आमच्या दारावरूनच जातात.

तुमच्या चर्चेतला 'बायकर' आम्हाला आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पुंगळ्या, म्हणजे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, लावलेल्या गाड्यांचा आवाज झाला की बांधलेले जनावर दावे तोडायला बघते. म्हातारी माणसे दचकतात. वस्तीत वेग कमी करावा एवढी साधी रीत अनेक जण पाळत नाहीत, आणि वळणावर म्हशी असतील हे तर शहरातल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे हा नियम आहे, पण चढावर लाकडाचा भारा घेऊन येणाऱ्या आमच्या माणसालाच गाडी कडेला घ्यावी लागते.

हेही खरे आहे की सगळे तसे नसतात. आमच्या आळीतील एक मुलगा शेवाळावरून घसरून पडला होता तेव्हा पुण्याच्या एका गटानेच गाड्या थांबवल्या. त्यांनी त्याचे हेल्मेट ओढून काढू दिले नाही, मान न हलवता त्याला धरून ठेवले, दोघांनी पुढे-मागे उभे राहून वाहने हळू केली आणि जीप मिळेपर्यंत ते पावसात थांबले. पोलिसांच्या चौकशीत अडकू ही भीती त्यांना वाटली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. त्यांच्या गाड्या कोणत्या होत्या हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नाही.

काटामधोमध

गाडी समजून घेतल्याशिवाय कोणी बायकर होत नाही, हा मुद्दा राहून गेला आहे.

जुन्या बुलेटला उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असे. किक मारण्याची रीत अशी : अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबायची, इंजिनातला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून ती आणखी थोडी खाली न्यायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळे वजन टाकून एकदाच मारायची. घाई केली तर किक उलटी बसून नडगी फुटत असे. ही गाडी माणसाला ऐकायला शिकवत होती. टॅपेट वाजतात की पिस्टन, हे कानाने कळायला लागायचे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि कार्बोरेटर जाऊन जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आले. धूर कमी झाला, गाड्या बिनचूक सुरू होऊ लागल्या, याचा मला आनंदच आहे. परंतु रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करण्यासारखे फारसे उरले नाही म्हणून काहीच शिकायचे नाही, असा निष्कर्ष तरुणांनी काढू नये. ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढणे, क्लच केबल बदलणे, चेन ताणणे आणि फ्यूज तपासणे या गोष्टी आजही प्रत्येकाला यायलाच हव्यात.

घाटमार्ग (धागाकर्ता)

सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभार. काही मुद्द्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहाटराइड, आपण काढलेला आवड आणि गरज यांतील फरक विचार करण्यासारखा आहे, परंतु पुण्यात ही रेषा इतकी स्वच्छ आखता येत नाही. हडपसरहून हिंजवडीला रोज जाणारा माणूस बससाठी थांबायला नको म्हणून गाडी घेतो, ही गरज झाली. पण तोच माणूस सुटीच्या दिवशी कारण नसताना बोपदेव घाटातून सासवडला जाऊन कंदी पेढे घेऊन येतो. आपला गवळी टेम्पो घेईल हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर गवळीकाकांच्या मुलाने टेम्पो घेतला, तरी काका स्वतःचा थोडा रतीब गाडीवरच घालतात. त्यांना कोणी आवडीविषयी विचारलेले नाही आणि ते स्वतःहून बोलणाऱ्यांतले नाहीत. ज्यांना आपली आवड शब्दांत मांडता येते आणि छायाचित्रांतून दाखवता येते, त्यांच्याच आवडीला आपण आवड म्हणतो, अशी मला शंका आहे. गटातील शिस्तीविषयी आपण जे लिहिले ते मात्र प्रत्येक नव्या चालकाने वाचावे असे आहे.

डबलसीट, साडी गार्डचा मुद्दा माझ्या तीनही कसोट्यांपेक्षा नेमका आहे.

हेल्मेटविषयी अजून कोणी सविस्तर लिहिले नाही, आणि पुण्यातील चर्चेत ते टाळणे मला प्रामाणिक वाटत नाही. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा तिला विरोध करण्यासाठी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. आपल्या शहराने अनेक चांगल्या गोष्टींसाठी चळवळी केल्या, त्यांच्या रांगेत ही बसत नाही असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. मान आखडते, ऐकू येत नाही, शहरात वेगच नसतो, ही कारणे मी घरातही ऐकली आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, ज्यांत मागे बसलेले १४,३३७ होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक करते, म्हणजे मागे बसलेल्या मुलालाही. शाळेच्या वेळेला कोणत्याही शाळेबाहेर उभे राहून पाहावे. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मागे दप्तर सांभाळत बसलेल्या मुलाचे डोके उघडे असते. अनेकदा वडिलांचे हेल्मेटही आरशाला लटकवलेले असते आणि पुढे पोलीस दिसले की डोक्यावर चढते, पट्टा न लावताच. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते.

वरंधाकाठ, आपल्या तक्रारीतील सायलेन्सरचा भाग पूर्णपणे आमच्या हातात आहे. कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून आवाज वाढवणारा लावणे हे त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत केलेला बेकायदा बदल ठरतो. पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण ते विकणारी आणि बसवून देणारी दुकाने उघडी असतात. गॅरेजवाल्यांनीच नकार दिला तर बराच फरक पडेल. क्लचकेबल, याविषयी आपला अनुभव काय आहे?

क्लचकेबल

मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाऊन बसवून घेते, हे खरे आहे, आणि महिन्याच्या हिशेबात ते जाणवतेही. परंतु दोन-तीन मुले मूळ सायलेन्सर परत लावायला माझ्याकडेच आली आहेत. एकाच्या आजोबांना हृदयाचा त्रास होता आणि गाडी सुरू झाली की ते उठून बसत. काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, घरी ठेवा, एवढे मी प्रत्येकाला सांगतो. नवा घ्यायचा म्हटला तर त्याची किंमत ऐकूनच मुले मागे फिरतात.

पहाटराइड

आवड आणि गरज यांविषयीचे माझे मत कायम आहे, त्यावर पुन्हा लिहीन. सायलेन्सरबाबत मात्र वरंधाकाठ यांना एक ठोस गोष्ट कळवतो. आमच्या गटात राइडआधीच्या तपासणीत मूळ सायलेन्सर नसलेली गाडी परत पाठवली जाते, गाडी कितीही महाग असो आणि मालक गटात कितीही जुना असो. आता मागे कोणी बसणार असेल तर साडी गार्ड आहे का, हेही त्या यादीत घेण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. भोरच्या रस्त्यावरील कोणत्या वस्त्यांजवळ गोठे अगदी कडेला आहेत, हे आपण कळवलेत तर पुढच्या चालकाला ती ठिकाणे आधीच सांगून ठेवता येतील.

वरंधाकाठ

धरणाच्या अलीकडे ओढ्यावरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला लागोपाठ गोठे आहेत आणि लगेच पुढे शाळा आहे. पावसाळ्यात त्या वळणावर शेतातून आलेला चिखल रस्त्यावर असतो. तिथून घाट सुरू होईपर्यंत सगळीकडे वस्ती आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर जनावरे परत येतात.